विष्णू सीताराम सुकथनकर
विष्णू सीताराम सुकथनकर (जन्म : ४ मे १८८७, मृत्यू : २१ जानेवारी १९४३) हे संस्कृत भाषेचे अभ्यासक आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक होते.

शिक्षण
केंब्रिज येथे गणिताचे शिक्षण घेतल्यावर ते बर्लिनला गेले. तेथे हाइनरिश ल्यूडर्स यांच्या मार्गदर्शनाखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

पाठनिश्चिती
१९२५ साली त्यांनी संपादनाची सूत्रे हाती घेतली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखितांत पाठभेद विपुल होते. तुलनेसाठी चौकटी आखलेल्या तक्त्यात प्रत्येक अक्षर स्वतंत्र घरात लिहिले जाई. त्यामुळे जुळणारी व वेगळी अक्षरे तत्काळ ध्यानी येत. मात्र केवळ बहुसंख्य प्रतींवर त्यांनी विसंबून राहणे नाकारले. परस्परांपासून स्वतंत्र परंपरांत जुळणारा पाठ त्यांनी अधिक विश्वसनीय मानला. या कसोटीमुळे गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथाही मूळ संहितेतून वगळून परिशिष्टात गेली. तथापि वगळलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत जपल्यामुळे वाचकाला निर्णय पडताळता येतो.

त्यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ मध्ये, तर आरण्यकपर्व १९४२ मध्ये पूर्ण झाले.

अखेर
मुंबई विद्यापीठातील महाभारताच्या अर्थावरील व्याख्यानमाला पुरी होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. ती व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुढे नेलेले संपादनकार्य १९६६ साली सिद्धीस गेले.