पुतळ्याचा माणूस

इतिहासाच्या तासाला सनावळ्या हमखास चुकवणारा मी आता क्राइस्टचर्चला मुलीकडे राहतो. इथे रोलस्टन अव्हेन्यूवर जेम्स एडवर्ड फिट्झजेराल्ड यांचा पुतळा आहे.

जन्म १८१८, इंग्लंडमधील बाथचा. ब्रिटिश म्युझियममधली नोकरी सोडून ते डिसेंबर १८५० मध्ये ‘शार्लट जेन’ जहाजाने लिटल्टनला उतरले. तिथल्या पहिल्या वृत्तपत्राचे संपादक झाले आणि १८५३ मध्ये कँटरबरी प्रांताचे पहिले निवडून आलेले सुपरिंटेंडेंट. १८६१ मध्ये त्यांनी ‘द प्रेस’ काढले आणि लिटल्टनच्या रेल्वे बोगद्याला खर्चापायी कडाडून विरोध केला. १८६७ मध्ये बोगद्यातून गाडी धावू लागली.

तिथे ते चुकले. पण १८६२ मध्ये, जमिनीवरून वाद पेटलेले असताना, माओरींना संसदेत जागा मिळावी असा ठराव त्यांनीच मांडला. तो फेटाळला गेला. १८६५ मध्ये काही आठवडेच मंत्रिपद मिळाले, तेवढ्यात माओरींना कायद्याने समान प्रजाजन ठरवून घेतले. १८६७ मध्ये माओरींना चार जागा मिळाल्या. फिट्झजेराल्ड १८९६ मध्ये वारले.

मीही परक्या मुलखात येऊन राहिलेला. पुतळ्याशी थांबलो की, सर, तुमचा तास आठवतो. सनावळी आता चुकत नाही.