सारनाथच्या विटा आणि जनरल कनिंगहॅम

तथागतांनी पहिले प्रवचन दिले त्या सारनाथचा धर्मराजिका स्तूप १७९४ साली बनारसच्या जगतसिंगाने विटांसाठी उपसला. दगडी पेटीत अस्थी निघाल्या, त्या गंगेत सोडल्या गेल्या. अडवणारा कायदाच नव्हता.

अलेक्झांडर कनिंगहॅम १८१४ साली लंडनमध्ये जन्मला आणि १८३३ मध्ये कंपनीच्या फौजेत इंजिनिअर म्हणून भारतात आला. १८३५ साली त्याने सारनाथला खोदकाम केले. जगतसिंगाची पेटी कुठे होती, ते त्याला सिंगपूर गावच्या म्हाताऱ्या शंकरने दाखवले. लहानपणी तो त्याच उपशावर मजूर होता. पंडितांना जे ठाऊक नव्हते ते मजुराला ठाऊक होते, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

कनिंगहॅम बुद्धाचा अनुयायी नव्हता. ब्राह्मणधर्म सनातन नाही हे सिद्ध झाले की ख्रिस्ती धर्माची वाट मोकळी होईल, असा त्याचा हिशेब होता. हेतू त्याचा, लाभ आमचा! पण चूक ती चूक. १८५१ साली मेसीबरोबर त्याने सांचीचे स्तूप फोडले. सारिपुत्त-मोग्गल्लानांच्या अस्थी इंग्लंडला गेल्या. सांचीच्या विहारात त्या परत विराजमान व्हायला १९५२ उजाडले.

१८६१ साली व्हाइसरॉय कॅनिंगने त्याला पुरातत्त्व सर्वेक्षक नेमले. ह्यू एन त्संगचे प्रवासवर्णन हाती धरून त्याने कुशीनगर, नालंदा, श्रावस्ती जमिनीवर निश्चित केली. १८६६ साली सरकारने खाते बंद केले. १८७१ साली ते पुन्हा उघडले आणि तो महासंचालक झाला.

मात्र त्याच्या हाती होती फक्त लेखणी. सारनाथच्या चाळीसहून अधिक मूर्ती वरुणा नदीवरील पुलाच्या बचावासाठी पाण्यात टाकल्या गेल्या, हड्डप्पाच्या विटा रेल्वेखाली गेल्या; त्याने ते अहवालात लिहिले, एवढेच. १८७३ साली भरहुत सापडले तेव्हाही बरेचसे दगड आसपासच्या घरांच्या भिंतींत बसले होते. उरलेला कठडा कलकत्त्याच्या संग्रहालयात हलवला म्हणून वाचला.

१८८५ साली तो निवृत्त झाला, १८९३ साली वारला. संरक्षणाचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९०४ साली आला. आज १९५८ चा कायदा चालतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे केंद्र सरकार आधी दोन महिन्यांची नोटीस काढते, तिची प्रत स्थळाजवळ लावते, हरकती ऐकते आणि मग स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित करते. ज्या टेकाडाची अधिसूचना निघालीच नाही, त्याला या कायद्याचे कवच नाही, १७९४ च्या सारनाथला नव्हते तसेच.