मुलं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली : ताराबाई मोडक यांची गोष्ट

आज गावोगावी, पाड्यापाड्यावर अंगणवाडी आहे. सकाळी लेकराला तिथं सोडायचं आणि आपण रानात कामाला जायचं, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. पण अंगणवाडी हे नाव आलं कुठून, ते फार कुणाला ठाऊक नसतं. त्याची सुरुवात डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात झाली. सुरुवात करणाऱ्या होत्या ताराबाई मोडक.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. मुलींना जेमतेम अक्षरओळख मिळायची, त्या काळात त्या १९१४ साली बी.ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. त्या खचल्या नाहीत. पुढं राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. नोकरी मानाची होती.

तरी १९२३ साली ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडं गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून लहान मुलांसाठी बालमंदिर चालवत होते. तेव्हा शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि धाक. बालमंदिरात मारणं नव्हतं, भीती दाखवणं नव्हतं आणि बक्षिसाचं आमिषही नव्हतं. मूल आपल्या मनानं खेळायचं, गाणी म्हणायचं, हातानं काम करायचं. घाबरलेलं मूल शिकत नाही, आधी त्याचं मन मोकळं व्हायला पाहिजे, ही गोष्ट ताराबाईंनी तिथं रोज डोळ्यांनी पाहिली. १९२६ साली दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

या पद्धतीचा पाया इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांचा. त्यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालघर काढलं होतं. पण आपल्याकडं येता येता ही पद्धत शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांची झाली. साधनं महाग. खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

शेवटी १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य, असं दुःख पचवून अनुताई शिक्षिका झाल्या होत्या.

बालवाडी उघडली, पण गरिबांची, दलित वस्तीतली पोरं येईनात. कारणं उघड होती. अंगावर धड कपडा नाही, आईबाप कामावर, कडेवर धाकटं भावंडं, आणि वरच्या आळीत जायची भीती. दुसरं कुणी असतं तर यांना शिकायचंच नाही म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाईंनी दोष पोरांना दिला नाही. त्या बालवाडीच घेऊन वस्तीतल्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. आधी अंघोळ, नखं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी समुद्रकाठचे शंखशिंपले, बिया, पानं, खडे. आपलंच अंगण, आपलीच माणसं. पोरांची भीड हळूहळू चेपली.

पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथं मोठी पोरं गुरं राखायला जायची, तर कुरणातच शाळा भरवली. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला नाव दिलं विकासवाडी. धाकटं डोळ्यासमोर, म्हणून थोरलीचं मन अभ्यासात.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ते बघायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत चालवलं.

आज अंगणवाडी म्हटलं की खिचडी, वजनकाटा, लसीकरण एवढंच डोळ्यासमोर येतं. ते हवंच. पण उंबऱ्याशी रडत उभं राहिलेलं लेकरू कशाला घाबरतंय, हे आधी बघायचं आणि त्याला धपाटा न घालता जवळ घ्यायचं, हेही अंगणवाडीचंच काम. ताराबाईंनी बोर्डीच्या अंगणात सुरुवात तिथूनच केली होती.