सनदेची प्रतीक्षा : कॉर्नेलिया सोराबजी

कला शाखेचा पदवीधर पुढे वकील झाला, याचे आज कोणासही नवल वाटणार नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांना मात्र सर्व परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनदेसाठी अनेक वर्षे थांबावे लागले.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे, पारशी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात वाङ्मयाचा अभ्यास करून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, त्याही प्रथम श्रेणीत. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना केवळ स्त्री म्हणून नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवून, इंग्लंडमधील हितचिंतकांच्या निधीवर (देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या) त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली खास परवानगीने त्यांनी बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली नाही; स्त्रियांना ती देण्याची तेथे प्रथाच नव्हती.

पुढे लंडनच्या ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत त्यांनी उमेदवारी केली. कोर्टात युक्तिवाद करतो तो बॅरिस्टर. पक्षकाराचे म्हणणे ऐकून कागदपत्रे सिद्ध करतो तो सॉलिसिटर. ऑक्सफर्डचे कौतुक सर्वत्र होते, परंतु आम्हांस ही उमेदवारीच अधिक मोलाची वाटते. कारण स्वदेशी ज्यांच्यासाठी त्या झटल्या, त्या पडदानशीन स्त्रियांची अडचण कागदपत्रांचीच होती. नावावर मोठी मालमत्ता, पण परपुरुष वकिलासमोर बसण्याची सोय नाही. मग मध्यस्थ सांगेल तेथे सही अथवा अंगठा! काठेवाड व इंदूर येथील इंग्रज एजंटांपुढे अशा स्त्रियांची कैफियत मांडण्याची विशेष परवानगी कॉर्नेलियाबाईंना मिळाली, तरी वकील म्हणून उभे राहता येईना. १८९७ साली त्यांनी मुंबईची एल्एल्.बी. आणि १८९९ साली अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश आले. सनद नाही ती नाहीच.

अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम येथील शेकडो विधवा व अज्ञान वारसांच्या मालमत्तेची प्रकरणे त्यांनी हाताळली. त्यांची इंग्रजधार्जिणी राजकीय मते आम्हांस पटत नाहीत. पण त्या घरांतील स्त्रियांना त्यांच्याशिवाय दुसरे कोण होते?

ऑक्सफर्डने पदवी दिली १९२२ साली. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ साली झाला, आणि सत्तावन्न वर्षांच्या कॉर्नेलियाबाई १९२४ साली कलकत्त्यात वकिली करू लागल्या. तेथेही बहुधा लेखी अभिप्राय देण्याचेच काम वाट्यास आले. १९२९ साली त्या निवृत्त होऊन लंडनला गेल्या. ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.