वाल्टर स्मेटाक

आंतोन वाल्टर स्मेटाक (१२ फेब्रुवारी, १९१३:झ्युरिक, स्वित्झर्लंड - ३० मे, १९८४:साल्व्हादोर, ब्राझील) हे ब्राझीलमधील प्रयोगशील संगीतकार, चेलोवादक व वाद्यनिर्माते होते. १९३७ मध्ये ते ब्राझीलला आले. संगीतकार हान्स-योआकिम कोलरॉयटर यांच्या निमंत्रणावरून १९५७ मध्ये ते साल्व्हादोर येथील बाहिया विद्यापीठात रुजू झाले. तेथे त्यांनी भोपळे, लाकूड, तारा व नळ्या वापरून सुमारे दीडशे वाद्ये घडविली.

'स्मेटाक' हा त्यांचा पहिला ध्वनिमुद्रित संग्रह १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्याच्या निर्मितीत गायक काएतानो वेलोसो यांचा सहभाग होता. युरोपीय अभिजात संगीताच्या शिक्षणाबरोबरच थिऑसॉफीतून निघालेल्या ब्राझीलमधील यूबियोझ पंथाचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. ध्वनी हे आत्मिक उन्नतीचे साधन आहे, अशी त्यांची धारणा होती. एका वाद्यास त्यांनी 'वीणा' हे नाव दिले.

पियानोच्या बारा स्वरांत न मावणारे सूक्ष्मस्वर आणि उत्स्फूर्त सामूहिक वादन हा त्यांच्या संगीताचा गाभा होय. असे वादन प्रचलित स्वरलिपीत पुरते उतरत नाही. त्यामुळे हा संग्रह त्यांच्या कार्याचा मोलाचा पुरावा ठरतो. 'उआक्ती' या वाद्यवृंदाचे संस्थापक मार्को आंतोनियो गिमारायंस हे त्यांचे विद्यार्थी होत.