करदात्यांच्या मतपेटीचे शिल्पकार : सर फिरोजशहा मेहता

मुंबई, ५ नोव्हेंबर : मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. चार दशकांहून अधिक काळ ज्यांचे नाव या संस्थेशी जोडलेले राहिले, त्या मेहता यांना १९०७ मध्ये याच संस्थेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला होता. मतदार कोण असावा आणि उमेदवार कोण होऊ शकतो, हे प्रश्न स्थानिक स्वराज्यात किती निर्णायक असतात, याचा प्रत्यय त्या निवडणुकीने दिला. आज, ५ नोव्हेंबर, मेहता यांचा स्मृतिदिन.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम. ए. झाल्यावर ते कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. तेव्हा मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्यानुसार चालत असे. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजेच जे. पी., हीच शहराची प्रतिनिधी सभा होती. प्रत्यक्ष कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होता. कर भरणाऱ्या नागरिकाला मत नव्हते.

क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे आणि मंडईची कामे वेगाने केली, पण खर्चाचा ताळेबंद बिघडला. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळून आला आणि आयुक्तांचे अधिकार काढून घेण्याची मागणी जोर धरू लागली. पंचविशीतील मेहता यांनी लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. दोष केवळ आयुक्तांचा नसून कोणालाही उत्तरदायी नसलेल्या नियुक्त सभेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारभार एका अधिकाऱ्याच्याच हाती असावा. मात्र तिजोरीची किल्ली करदात्यांनी निवडलेल्या सभेकडे असावी आणि हिशेबांची काटेकोर तपासणी व्हावी, अशी मांडणी त्यांनी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी यावर निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांनी मोठा गोंधळ घातला.

पुढील वर्षी आलेल्या १८७२ च्या कायद्यात त्यांच्या मांडणीचा मोठा अंश दिसून आला. नव्या महापालिकेत ६४ सदस्य होते. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे, १६ जे. पी. मंडळींनी निवडायचे आणि उरलेले १६ सरकारने नेमायचे, अशी रचना ठरली. मताचा अधिकार मात्र वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यालाच होता. १८७२ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार होती. त्यात या कसोटीला उतरणारे काही हजारच होते. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार मतदारयादीच्या बाहेरच राहिला.

मेहता १८८४ आणि १८८५ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष होते. डिसेंबर १८८४ मध्ये मुख्यालयाच्या इमारतीची पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाली. दोनच वर्षांपूर्वी रिपन यांनी देशभरातील स्थानिक संस्थांत निवडून आलेल्या सदस्यांना स्थान देण्याचा ठराव काढला होता. त्यामुळे मुंबईतील प्रयोगाला राष्ट्रीय संदर्भ प्राप्त झाला.

त्यांच्या कार्याचा कळस म्हणजे १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. मूळ विधेयकात आयुक्तांचे पारडे जड होते. मुंबई विधान परिषदेत मेहता यांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या साथीने त्याची कलमवार चिकित्सा केली. महापालिकेचा कारभार सभेकडे आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, ही विभागणी त्यातून पक्की झाली. सदस्यसंख्या ७२ झाली : ३६ वॉर्डांतून, १६ जे. पी. मंडळींकडून, प्रत्येकी दोन विद्यापीठाचे फेलो व चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि १६ सरकारनियुक्त. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबईला लागू आहे.

सभेवरील मेहता यांचा प्रभाव वाढत गेला आणि ते मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून ओळखले जाऊ लागले. १८९० मध्ये त्यांनी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. १९०५ मध्ये महापालिकेचे अध्यक्षपद पुन्हा त्यांच्याकडे आले. हे वर्चस्व काही युरोपीय अधिकाऱ्यांना खुपत होते. १९०७ मध्ये महालेखापाल हॅरिसन यांच्या पुढाकाराने त्यांना सभेबाहेर ठेवण्याचा बेत आखला गेला. त्यासाठी जे. पी. मतदारसंघ निवडण्यात आला. हे मतदार सरकारनेच नेमलेले होते आणि संख्येने मोजके होते. १६ जागांसाठी १६ नावांची यादी तयार करून तिलाच मते देण्याची मोहीम चालवण्यात आली. निकाल लागला तेव्हा मेहता सतराव्या क्रमांकावर होते.

या प्रकाराने शहरात तीव्र नाराजी पसरली. पुढे विजयी उमेदवारांपैकी एकाच्या पात्रतेस आव्हान देण्यात आले. निवडणुकीचे वाद लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे नेण्याची तरतूद १८८८ च्या कायद्यातच होती. संबंधित सदस्याची निवड रद्द ठरली आणि मेहता यांना सभेत प्रवेश मिळाला. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता, त्यातील पात्रतेच्या तरतुदीच त्यांच्या कामी आल्या. मात्र मूठभर नियुक्त मतदारांचा मतदारसंघ किती सहज वळवता येतो, हेही या प्रसंगातून उघड झाले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मेहता यांचे निधन झाले. मताधिकाराचा विस्तार त्यांच्यानंतर झाला. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले आणि जे. पी. मतदारसंघ संपुष्टात आला. १९४८ मध्ये महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकारावर झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर या निवडणुकांची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला आज मतासाठी कराची पावती दाखवावी लागत नाही. मतदारयादीत नाव असले की पुरे.

मेहता यांच्या काळातील मतदारयादी आजच्या तुलनेत अत्यंत तोकडी होती, हे खरे. परंतु शहराचा पैसा कोठे खर्च व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभेला आहे, हे तत्त्व त्यांनी कायद्यात रुजवले. मताधिकार पुढे सर्वांपर्यंत पोहोचला, तेव्हा त्या मताला अर्थ देणारी सभा आधीच उभी होती.