कॉर्कच्या नॅनोबाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला प्रथम आठवल्या आयर्लंडातील कॉर्क शहरच्या नॅनोबाई नेगल. कॉन्व्हेंट शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कडक इस्त्रीचा गणवेश आणि फीचा आकडा उभा राहतो. पण ह्या बाईंनी कॉर्कमध्ये काढलेली पहिली कॅथलिक शाळा गरिबांसाठी होती, आणि तीही चोरून चालत असे.

नॅनोबाईंचा जन्म 1718 साली कॉर्क परगण्यातील बॅलिग्रिफिन येथे सधन कॅथलिक घराण्यात झाला. त्या काळी इंग्रजी अमलाखाली कॅथलिकांना शाळा चालविण्याची बंदी होती. 1695 च्या कायद्याने शिकविणाऱ्यास 20 पौंड दंड व 3 महिने कैद होई. मुलांना शिकावयास परदेशी धाडणे हाही गुन्हाच. श्रीमंत तो गुपचूप करीत. नॅनोबाईही फ्रान्समध्ये शिकल्या. गरिबांची मुले मात्र निरक्षर राहत.

1746 साली वडील वारले आणि त्या मायदेशी परतल्या. एकदा पोशाखासाठी ठेवलेले भारी रेशीम त्या शोधू लागल्या, तर बहीण ॲन हिने ते विकून पैसे गरिबांना दिल्याचे कळले, असे सांगतात. पुढे लवकरच ही बहीणही गेली. नॅनोबाई फ्रान्सला मठात राहिल्या. पण आपल्या गावची मुले डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून परत आल्या.

1754 च्या सुमारास त्यांनी मोलकरणीला पाठवून एक शिक्षिका मिळविली आणि 30 गरीब मुली जमविल्या. रोज सकाळी त्या हळूच शाळेत जात. घरी भावाला वाटे, बहीण प्रार्थनेला गेली आहे. एके दिवशी एक गरीब माणूस भावाकडे आला आणि माझ्या मुलीला तुमच्या बहिणीच्या शाळेत घ्या म्हणून विनवू लागला. भावाला वाटले, हा वेडा आहे. तो हसतच घरात आला. तेव्हा नॅनोबाईंनी सारे कबूल केले. भाऊ भयंकर संतापला. अशा शाळेपायी सबंध घराण्यावर संकट येईल, ही त्याची भीती खोटी नव्हती. पण बाई डगमगल्या नाहीत, आणि लवकरच भावाचाही राग निवळला. नऊ महिन्यांच्या आत 200 मुले झाली. पुढे मुलींच्या 5 व मुलांच्या 2 शाळा उभ्या राहिल्या. काकांकडून मिळालेली संपत्ती त्यांनी ह्याच कामी घातली. दिवसभर शिकवून रात्री कंदील घेऊन त्या आजारी माणसांच्या घरी जात.

शाळा आपल्यामागे टिकाव्यात म्हणून त्यांनी 1771 साली अर्सुलाइन पंथाच्या भगिनींना कॉर्कला आणले. त्यांच्यासाठी घर बांधले. पण त्या पंथाच्या नियमाने भगिनींना मठाबाहेर पडता येत नसे. मग गल्लीतल्या शाळा कोणी चालवाव्या? दुसरी एखादी खचली असती. नॅनोबाईंनी वयाच्या 57 व्या वर्षी, 24 डिसेंबर 1775 रोजी, तीन सोबतिणींसह नवा भगिनीसंघ काढला. 1777 च्या नाताळात त्यांनी 50 भिकाऱ्यांना जेवू घातले. पैसा संपला तेव्हा गरिबांसाठी स्वतः दारोदार हात पसरला. 26 एप्रिल 1784 रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्यांचाच संघ पुढे प्रेझेंटेशन भगिनी म्हणून जगभर पसरला आणि 1842 साली मद्रासला येऊन पोचला. म्हणजे आपण आपल्या देशात पाहतो त्या प्रेझेंटेशन कॉन्व्हेंटचे मूळ त्या 30 मुलींत आहे.

भगिनींनो, खरे सांगते, मंडळाच्या पहिल्या सभेला मीही घरी देवळात जाते असे सांगूनच आले होते. दंड नव्हता, तुरुंग नव्हता, तरी पाय कापत होते. म्हणून नॅनोबाईंची ती सकाळची वाट मला फार जवळची वाटते. आपल्या साक्षरता वर्गाला मुलीला पाठवू की नको, म्हणून एखादी आई दारात घुटमळताना दिसली, तर तिला हाक मारून आत घ्यावी, एवढेच मागणे.